खोबरेल तेल स्थायू की द्रव? भाचीच्या चाचणीतला अर्धा गुण

गिरणाकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. माझी भाची धुळ्याला सातवीत आहे. परवा विज्ञानाच्या चाचणीत नेहमीचा प्रश्न आला: दिलेल्या पदार्थांचं स्थायू, द्रव, वायू असं वर्गीकरण करा. दगड, दूध, हवा, मीठ, खोबरेल तेल वगैरे. पोरीने बाकी सगळं बरोबर लिहिलं. खोबरेल तेलासमोर मात्र तिने लिहिलं, 'हिवाळ्यात सकाळी स्थायू, उन्हाळ्यात द्रव.' त्यावर लाल फुली. उत्तर फक्त 'द्रव' हवं होतं. अर्धा गुण गेला.

गुणाचं तिला फारसं वाटलं नाही. पण फोनवर तिने जे विचारलं ते माझ्या मनातून जात नाही. "मामा, आई रोज सकाळी बाटली गरम पाण्यात धरते तेव्हा कुठे तेल निघतं. मग मी डोळ्यांनी पाहिलं ते चूक कसं?"

धुळ्यात सध्या पहाटे अंगणातल्या बादलीत हात घालवत नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे या दिवसांत ते सकाळी पांढरं घट्ट असणारच. आणि मेमध्ये पारा ४५ला टेकला की तेच तेल पाण्यासारखं वाहतं. पोर दोन्ही वेळा खरं बोलली.

मला वाटतं आपण अवस्था शिकवतो ती पदार्थाला आडनाव लावल्यासारखी. लोखंड स्थायू, पाणी द्रव, प्राणवायू वायू. एकदा चिकटलं की जन्मभर तेच. पण 'अवस्था' म्हणजे त्या वेळची स्थिती. पदार्थ तोच राहतो, भोवतालचं तापमान आणि दाब बदलला की त्याची अवस्था बदलते. आपल्या खानदेशात एकाच अंगणात शेकोटीही पेटते आणि उन्हाळ्यात पायही पोळतात, तिथे मुलांना हे पुस्तकाबाहेर रोज दिसतं.

शाळेवर राग काढायला हा धागा नाही. तुमच्या घरात, शेतात, धंद्यात पदार्थ अवस्था बदलताना कुठे दिसतो ते सांगा. भाचीला सगळं वाचून दाखवणार आहे.

दादरची_रास | ११ जानेवारी, रात्री ९:४०

पोरीचं उत्तरच बरोबर आहे, भाऊ. आमच्याकडे तुपाचं तेच. आता बरणीत चमचा उभा राहतो, मे महिन्यात तेच तूप ओतून वाढावं लागतं.

माझ्या पोराचा एक जुना प्रश्न इथेच टाकतो, मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. खळ्यावर दादर ज्वारी पोत्यातून ओतली की ती धो धो पडते. पोतं असेल तसा आकार घेते, घमेलं असेल तर घमेल्याचा. मग धान्य द्रव का नाही? वाळूचं पण तसंच.

फळा_खडू | ११ जानेवारी, रात्री १०:२५

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आधी थोडी शिक्षकाची बाजू सांगतो. वर्गीकरणाच्या प्रश्नात 'नेहमीच्या तापमानाला' हे शब्द गृहीत धरलेले असतात. चूक आहे ती हे शब्द छापले नाहीत यात. आणि मुलीने गृहीत न धरता अट स्पष्ट लिहिली. मी असतो तर पूर्ण गुण देऊन ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं असतं.

दादरची रास, तुमच्या पोराचा प्रश्न फार चांगला आहे. ओतता येणं ही द्रवाची खूण पुरेशी नाही. ओतून झाल्यावर काय होतं ते बघायचं. पाणी ओता, पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. दादर ओता, रास उभी राहते, वर शंकू होतो. दाण्यावर दाणा घर्षणाने टेकून राहतो. आणि एकेक दाणा घमेल्याचा आकार घेतो का? नाही, तो होता तसाच राहतो. म्हणजे स्थायूंची गर्दी वाहते आहे, पदार्थ द्रव झालेला नाही.

आता मूळ मुद्दा. कुठल्याही पदार्थाचे कण दोन ओढींच्या मध्ये असतात. कण एकमेकांना धरून ठेवू पाहतात आणि उष्णतेमुळे त्यांची जी हालचाल चालू असते ती त्यांना सोडवू पाहते. धरण्याचा जोर मोठा असला की कण जागच्या जागी थरथरतात, तो स्थायू. हालचाल वाढली की एकमेकांना न सोडता एकमेकांवरून घसरतात, तो द्रव. म्हणून द्रवाचं आकारमान ठरलेलं पण आकार भांड्याचा. आणखी वाढली की धरणं सुटतं आणि कण मिळेल ती जागा व्यापतात, तो वायू. धरण्याचा जोर प्रत्येक पदार्थात वेगळा, म्हणून एकाच खोलीत लोखंड, पाणी आणि हवा तीन अवस्थांत सापडतात.

मी वर्गात एक धातू नेहमी सांगायचो, गॅलियम. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८७१ साली आपल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात रिकामी जागा ठेवून त्याचे गुणधर्म आधीच सांगितले होते, आणि १८७५ साली तो खरोखर सापडला. तो २९.८ अंशांना वितळतो. म्हणजे आज रात्री धुळ्यात तो खिळ्यासारखा घट्ट, तळहातावर ठेवला तर पाघळणार, आणि एप्रिलपासून बशीत पाऱ्यासारखा पसरलेला. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार? पारा स्वतः उणे ३९ अंशांपर्यंत द्रव राहतो. आपल्याला तो 'द्रव धातू' वाटतो कारण आपण तेवढ्या थंडीत राहत नाही, इतकंच.

खापरावरची | १२ जानेवारी, सकाळी ७:५०

सर, माझे दोन प्रश्न.

बर्फ ठेवला की खाली पाणी आणि वर बर्फ, मधलं काही नाही. पण तूप तसं वितळत नाही. आधी मऊ होतं, मग कडेने सुटतं, मध्ये रवाळ गोळा राहतो, मग सगळं पातळ. असं का?

दुसरा प्रश्न कुरडईच्या चिकाचा. गहू तीन दिवस भिजवून चीक काढतो तेव्हा तो दुधासारखा पातळ असतो. उकळत्या पाण्यात घालून हाटला की घट्ट होतो. गरम केल्यावर पदार्थ पातळ व्हायला हवा ना? इथे उलटं होतं, आणि परत गार केला तरी पूर्वीसारखा होत नाही.

फळा_खडू | १२ जानेवारी, सकाळी ९:०५

ताई, दोन्ही प्रश्न पुस्तकापेक्षा पुढचे आहेत.

बर्फ म्हणजे एकच पदार्थ, सगळे कण सारखे. म्हणून सगळे एकाच तापमानाला सुटतात, शून्य अंशाला. तूप हे अनेक स्निग्धांचं मिश्रण. काही स्निग्ध कमी तापमानाला वितळतात, काही जास्त. जे लवकर वितळतात ते पातळ होऊन कडेला येतात, उरलेले रवाळ राहतात. खोबरेल तेलही मिश्रणच, म्हणून २४ हा आकडा 'साधारण' म्हणायचा. वितळण्याचं तापमान काटेकोर आहे की पसरट, यावरून पदार्थ शुद्ध आहे का हे रसायनशास्त्रज्ञ आजही तपासतात.

चिकाचं वेगळं आहे. तिथे अवस्थाबदल नाही. पिठाचे कण गरम पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आतले लांब धागे एकमेकांत गुंतून पाण्याला जाळीत अडकवतात. हा बदल परत फिरत नाही. बर्फाचं पाणी आणि पाण्याचा बर्फ कितीही वेळा करता येतो. अंड्याचा बलक उकडला की तो पुन्हा पातळ होत नाही, तसा हा चीक.

बर्फाबद्दल आणखी थोडं. पातेल्यात बर्फाचा चुरा घ्या, त्यात थर्मामीटर, मंद आच, सतत ढवळत राहा. बर्फ शिल्लक आहे तोवर पारा शून्यापाशीच राहील. खाली जाळ चालू आहे आणि तापमान वाढत नाही! जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६०च्या सुमारास हे ओळखलं. ही उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, कणांची धरपकड सोडवण्यात जाते. तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. एक किलो बर्फ शून्य अंशालाच वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. लग्नात भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी संध्याकाळपर्यंत टिकते त्यात भुशाचा जितका वाटा, तितकाच या उष्म्याचा.

आटणीवाला | १२ जानेवारी, दुपारी २:३०

जळगावात सराफ बाजाराजवळ आमचं पिढीजात आटणीचं काम आहे. लिहायची सवय नाही, पण हा विषय आमच्या रोजच्या पोटाचा आहे.

मुशीत सोनं टाकतो, वर चिमूटभर टाकणखार, मग जाळ. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ला, तांबं १०८५ला. आम्ही आकडे लावून काम करत नाही, रंगावर करतो. सोनं सुटायच्या आधी लाल, मग पिवळसर, मग एका क्षणी कडा विरघळल्यासारख्या होतात आणि सगळं गोळा होऊन आरशासारखं हलायला लागतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विसरता येत नाही.

इथल्या मुलांसाठी एक निरीक्षण. साच्यात ओतलेली लगड थंड झाली की तिच्या मधोमध खळगा पडतो. आधी कडा गोठतात, मग मधलं गोठताना आकसतं आणि खाली बसतं. वडील म्हणायचे, धातू गोठताना अंग चोरतो. पाण्याचं उलटं. बाटली भरून फ्रीजरमध्ये विसरलं की फुटते, कारण बर्फ झाल्यावर ते जवळजवळ नऊ टक्के जागा जास्त घेतं.

आणि घनता. एक घनसेंटिमीटर पाणी १ ग्रॅम, चांदी साडेदहा, सोनं १९.३. म्हणून दहा ग्रॅम चोख सोनं फक्त अर्धा घनसेंटिमीटर पाणी सरकवतं. तांबं-चांदी मिसळलेलं २२ कॅरेटचं नाणं तेवढ्याच वजनात जास्त पाणी सरकवतं. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायला आता यंत्रं आली आहेत, पण हवेत आणि पाण्यात तोलून पाहण्याची रीत चुकीची नाही. फक्त एक जपायचं: टंगस्टनची घनता सोन्याइतकीच आहे, आत तो भरला असेल तर पाणी फसतं.

सातपुडा_पायवाट | १२ जानेवारी, रात्री ८:१५

पाण्याची गोष्ट निघाली आहे तर दाबाचं मी सांगते. तापमान सगळ्यांना आठवतं, दाब कोणी विचारात घेत नाही.

तोरणमाळला आम्ही मुक्काम करतो तेव्हा उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचावर आहे. वरची हवा विरळ, पाण्यावरचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं. खळखळ उकळताना दिसतं, पण तेवढं गरम नसतं. खाली शहाद्याला तीच डाळ तेवढ्याच जाळावर लवकर शिजते. कुकर याच्या उलट: आत दाब कोंडतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळूच देत नाही.

दुसरी गोष्ट डाबची. अक्कलकुवा तालुक्यात वर डाब, वालंबा या भागात डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर बसतो. लोक त्याला बर्फ पडला म्हणतात. आकाशातून काही पडलेलं नसतं. निरभ्र रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. हवेत पारा तीन-चारवर असताना गवताचं पातं शून्याखाली जाऊ शकतं. मग त्यावरचं दव गोठतं, किंवा हवेतली वाफ द्रव न होता सरळ हिमकण होऊन चिकटते. वायूतून थेट स्थायू. देवापुढचा कापूर करतो त्याच्या उलट. डबीत ठेवलेला कापूर न वितळता हवेत जातो आणि डबी रिकामी होते.

शेवगा | १२ जानेवारी, रात्री ८:५०

छान धागा. एक भर: डाळ लवकर शिजायला पाण्यात मीठ घालावं, मग पाणी लवकर उकळतं, असं ऐकलं आहे. आणि काच हाही मुळात द्रव आहे ना? जुन्या वाड्यांच्या काचा खाली जाड झालेल्या असतात म्हणे.

फळा_खडू | १२ जानेवारी, रात्री ९:३०

मिठाचं उलट आहे. मिठाने उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, वाढतो. एक लिटर पाण्यात तब्बल ५८ ग्रॅम मीठ घातलं तरी फक्त एका अंशाने. स्वयंपाकातल्या चिमटीने काहीच फरक पडत नाही, मीठ चवीपुरतंच घालावं.

काच स्थायूच. तिचे कण मिठाच्या खड्यासारखे ओळीत बसलेले नाहीत, द्रवासारखे अस्ताव्यस्त असताना जागच्या जागी थिजले आहेत. पण नेहमीच्या तापमानाला ती शतकानुशतकांतही दिसेल एवढी वाहत नाही. जुन्या काचा एकसारख्या जाडीच्या बनतच नसत, आणि बसवणारे जाड कड खाली ठेवत. वर जाड असलेल्या काचाही सापडतात.

रस्ता_खडी | १३ जानेवारी, दुपारी १:१०

सर, काच वाहत नाही हे मान्य. पण डांबर वाहतं, त्याचं मी सांगतो, वीस वर्षं साइटवर आहे.

ड्रममधलं गार डांबर हातोडीने मारलं तर काचेसारखं तडकतं, टवके उडतात. बघणारा शपथेवर स्थायू म्हणेल. तोच ड्रम आडवा करून महिनाभर ठेवा, तोंडातून जीभ बाहेर आलेली दिसेल. ते वाहतच असतं, फक्त आपल्याला थांबायला वेळ नसतो. खडीत मिसळायला ते १५० अंशांच्या वर तापवतो तेव्हा काकवीसारखं सुटतं.

आपल्याकडच्या रस्त्यांना व्हीजी ३० डांबर पुष्कळ वापरतात. हा आकडा श्यानतेची प्रत सांगतो, म्हणजे वाहायला ते किती विरोध करतं त्याची. त्याचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडतं ते तापमान, किमान ४७ अंश असावा लागतो. आता मेमधली भुसावळ-यावल वाट डोळ्यांसमोर आणा. हवा ४५, पण काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६०च्या पुढे. चप्पल चिकटते, ट्रकच्या चाकांच्या खोल रेघा पडतात. लोक म्हणतात काम निकृष्ट. कधी असतंही. पण कधी डांबर आपल्या स्वभावाप्रमाणेच वागत असतं, आणि ट्रक तिथे ओळीने उभे असतात. उभा ट्रक चालत्या ट्रकपेक्षा जास्त रुततो, कारण डांबराला वाहायला वेळ मिळतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली असंच काळं डांबर एका नरसाळ्यात भरून ठेवलं, १९३० साली खालची तोटी कापली आणि थेंब पडायची वाट बघत बसले. २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले. मी हे वाचलं तेव्हा आपल्या कामाबद्दल फार बरं वाटलं.

दीपनगर_पाळी | १३ जानेवारी, रात्री ११:४५

रात्रपाळीतून लिहितो आहे. वीजकेंद्रात काम करतो. भुसावळवरून रेल्वेने जाताना आमचे कूलिंग टॉवर दिसतात आणि लोक मुलांना दाखवतात, 'ती बघ वाफ.' ती वाफ नसते. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते गार हवेत परत झालेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रव. घरी चहाच्या किटलीच्या तोटीकडे नीट बघा. तोटीला लागून बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरा ढग पुढे सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत वाफ आहे, आणि तिथेच हात भाजतो.

आता या धाग्यात अजून न आलेली गोष्ट. साध्या बॉयलरमध्ये पाणी उकळतं, बुडबुडे येतात, वर ड्रममध्ये वाफ आणि पाणी वेगळं करावं लागतं. पण आमच्याकडचा नवा ६६० मेगावॅटचा संच सुपरक्रिटिकल आहे. पाण्याचा दाब २२१ बारच्या पुढे आणि तापमान ३७४ अंशांच्या पुढे गेलं की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. उकळणं नाही, बुडबुडा नाही, पृष्ठभाग नाही. तापवत गेलं की दाट पाणी सलगपणे विरळ होत जातं. अमुक ठिकाणी द्रव संपला असं बोट ठेवता येत नाही. म्हणून अशा बॉयलरला तो ड्रमही नसतो.

याला क्रांतिक बिंदू म्हणतात. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवर हे दाखवलं. त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंशांचा. आता आपल्या कार्यालयांच्या भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं असतं ना, जानेवारीत त्यात खाली द्रव असतो आणि वर वायू. हलवलं तर डचमळतं. मेमध्ये खोली ४० अंशांवर गेली की त्याच नळकांड्यात द्रवाची पातळीच नसते, सगळं एकजीव झालेलं असतं. भाचीला सांगा, तिचं 'हिवाळ्यात हे, उन्हाळ्यात ते' तिथेही लागू आहे, आणि उन्हाळ्याचं उत्तर तिच्या तिन्ही रकान्यांत बसत नाही.

पंगत | १४ जानेवारी, सकाळी ६:३०

मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा. गॅस सिलिंडरचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

भंडाऱ्याच्या जेवणाला मोठी शेगडी तास-दोन तास पूर्ण चालली की सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर दव येतं, थंडीत तर पांढरं होतं, आणि जाळ मंदावतो. आत द्रव असतो. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःच्या अंगातून आणि पत्र्यातून घेतो. जितका गॅस ओढू तितका तो थंड होतो आणि पुढची वाफ कमी होते. दवाची रेघ जिथे थांबते तिथवर गॅस शिल्लक, हे आम्ही आचारी लोक त्यावरूनच ओळखतो. अशा वेळी दोन-तीन सिलिंडर जोडून भार वाटावा. पेटत्या चुलीजवळ सरकवणं किंवा उकळतं पाणी ओतणं कधीच करू नये. आतला द्रव तापला की फुगतो, म्हणून तर कंपनी सिलिंडर गळ्यापर्यंत भरत नाही.

केळीबाग | १४ जानेवारी, सकाळी १०:२०

पंगत भाऊंनी जे सांगितलं तेच माठात होतं. रावेरकडचा शेतकरी आहे, आमचा उन्हाळा माठावर जातो.

आमची माय म्हने, 'नवा माठनं पानी गोड लागस.' नव्या माठाची भोकं मोकळी असतात. पाणी पाझरून बाहेर येतं आणि वाळतं. वाळणं म्हणजे उकळल्याशिवाय वाफ होणं, आणि त्यालाही उष्णता लागतेच. एक ग्रॅम पाणी असं उडालं की जवळपास ५८० कॅलरी घेऊन जातं, म्हणजे त्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त पाणी एका अंशाने गार होतं. जुन्या माठाची भोकं क्षारांनी बुजतात, पाझर थांबतो, पाणी कोमट राहतं.

मुंबईचा भाऊ म्हणतो तिकडे माठ चालत नाही. बरोबर आहे. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर नवी वाफ जाणार कुठे? आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी. ४४ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान हिशोबाने २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. वीस अंशांचा फरक, आणि विजेचा एक पैसा नाही. जुलैत ३० अंश आणि पंच्याऐंशी टक्के असेल तर दोन-अडीच अंशही जेमतेम. कूलर पावसाळ्यात चिकचिक करतो तो यामुळेच.

केळीच्या बागेत शिरलं की गार वाटतं ते नुसत्या सावलीने नाही. हजारो पानं तेच करत असतात.

शेवगा | १४ जानेवारी, दुपारी १२:०५

माझे दोन्ही गैरसमज दूर केल्याबद्दल सरांचे आभार. चौथी आणि पाचवी अवस्था म्हणतात ती काय? थोडक्यात सांगा.

फळा_खडू | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

चौथी प्लाझ्मा. वायू इतका तापला, किंवा त्यातून इतकी वीज गेली, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. सूर्य, आकाशातली वीज, ट्यूबलाइटच्या आतला उजेड, वेल्डिंगचा झोत. त्याला हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९२८ साली दिलं.

पाचवी दुसऱ्या टोकाला. सत्येंद्रनाथ बोस ढाक्यात शिकवत असताना त्यांनी १९२४ साली एक निबंध आइन्स्टाइनना पाठवला. त्या गणिताचा धागा पुढे नेऊन आइन्स्टाइननी सांगितलं की अतिशय थंड केल्यावर अणू आपापलं वेगळेपण सोडून एकच असल्यासारखे वागू लागतील. १९९५ साली अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमच्या अणूंवर हे प्रत्यक्ष घडवलं, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकाच्या, वर अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास. सत्तर वर्षं ते फक्त कागदावर होतं. बोस तोवर हयात नव्हते, ते १९७४ साली गेले. मला दर वेळी शिकवताना याची हळहळ वाटायची.

गिरणाकाठ | १९ जानेवारी, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी धुळ्याला गेलो होतो, सगळा धागा भाचीला वाचून दाखवला. आटणीवाल्या काकांची लगड आणि डांबराचा थेंब तिला सगळ्यात आवडला. मग आम्ही गोठलेल्या खोबरेल तेलात थर्मामीटर रोवून वाटी कोमट पाण्यात ठेवली. २२वर कड सुटली, २६वर सगळं स्वच्छ झालं. खापरावरची ताईंनी तुपाचं सांगितलं तसं मध्ये गोळा राहिला होता, तो तिने वहीत काढून ठेवला.

सोमवारी ती वही घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, उद्या वर्गात करून दाखव. अडचण अशी की विज्ञानाचा तास दुपारी अडीचचा. सकाळी आठ-नऊ अंश असले तरी दुपारी धुळ्यात २९ होतात, तोवर तेल वितळून जाणार.

तिने मला फोन केला नाही, उपाय स्वतःच शोधला. आज दोन सारख्या स्टीलच्या डब्या नेल्या, दोन्हींत घरून गोठवलेलं तेल. एक तशीच. दुसरी माठाखालच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मधल्या सुट्टीत फडकं पुन्हा भिजवलं आणि खिडकीच्या वाऱ्यात ठेवली. अडीच वाजता बाईंच्या टेबलावर दोन्ही डब्या शेजारी शेजारी उघडल्या. कोरड्या डबीतलं तेल हलवलं की डचमळत होतं. ओल्या फडक्यातल्या डबीत तिने चमचा उभा रोवला, आणि तो उभाच राहिला.